किल्ली कोणाच्या कमरेला? लहान संस्थांच्या दप्तररक्षणाची गोष्ट

१/
यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. अशा कोणत्याही मोठ्या गावात पतसंस्था, बचत गट, कृषी सेवा केंद्र, औषधाचे दुकान, एखादी शिक्षण संस्था असते. आज यांपैकी पुष्कळांचे दप्तर संगणकावर गेले आहे आणि काहींची संकेतस्थळेही आहेत. ही संकेतस्थळे उभारणारा, ती बंद पडली की धावून येणारा, पासवर्ड विसरला की ज्याला फोन जातो, तो मनुष्य बहुधा बाहेरचा असतो. तो संस्थेचा नोकर नसतो. कामापुरते मानधन घेतो आणि अशा दहा-वीस संस्था सांभाळतो.

इतिहासाच्या धाग्यात या माणसाचे काय काम, असे कोणी विचारील. वाचकहो, त्याचा हुद्दा नवा असला तरी त्याच्यापुढचा प्रश्न फार जुना आहे.

२/
तो प्रश्न असा. मोठे राज्य, मोठी पेढी किंवा मोठी बँक आपल्या दप्तरासाठी स्वतंत्र पहारा ठेवू शकते. लहान संस्थेला ते परवडत नाही. ती जाणत्या माणसावर विसंबते. आता कुलूप बसवणाऱ्याला किल्लीची घडण ठाऊक असतेच. मग कुलूप बसवणाऱ्यावरचा विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? तो माणूस प्रामाणिक असला, पण उद्या आजारी पडला, गाव सोडून गेला किंवा चुकला, तर काय?

मराठी मुलखाने या प्रश्नाला एकेकाळी फार विचारपूर्वक उत्तर दिले होते. तेथूनच आरंभ करू.

३/
शिवकालीन राजपत्र हाती घेतले, तर त्यावर एकाच माणसाची खूण क्वचितच आढळते. मजकूर चिटणिसाच्या हातचा असतो. माथ्यावर मुख्य मुद्रा आणि शेवटी मर्यादेची लहान मुद्रा. ही शेवटची मुद्रा मजकुराची हद्द दाखवते. तिच्याखाली कोणी एक ओळ जरी वाढवली, तरी ती ओळ उघडी पडते. 'मोर्तब सुद' हे शब्द आपण वाचतो, त्यांचा अर्थ मुद्रा उमटली, म्हणजे लेखन संपले. यातील 'सुद' हा फारसी 'शुद', म्हणजे 'झाले'.

४/
पत्र लांब असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून गुंडाळी करीत. येथे लबाडीला वाव होता. मधला एक बंद काढून दुसरा डकवला की मजकूर बदलला. म्हणून कागदाच्या पाठीमागे, नेमक्या सांध्यावर, लहान मुद्रा उमटवीत. अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या बंदावर. बंद बदलला की ठसा जुळत नाही.

आजचा सुरक्षा सल्लागार संगणकीय फाइलचा 'हॅश' काढतो, तेव्हा त्याचा हेतू हाच असतो. आशय गुप्त ठेवणे हे निराळे काम. आशयात कोणी हात घातला तर तो लपू नये, ही त्यामागची योजना.

५/
त्याहून महत्त्वाची खूण कागदाच्या पाठीवर सापडते. 'बार' म्हणजे पत्राची नोंद दप्तरातील वहीत झाली. सुरनिसाच्या तपासणीचीही खूण असे. अष्टप्रधानांच्या कानूजाबत्यात सचिवाकडे, म्हणजेच सुरनिसाकडे, राजपत्रे तपासण्याचे, अधिक-उणे अक्षर शुद्ध करण्याचे आणि संमतीचे चिन्ह करण्याचे काम सोपवलेले दिसते. जमाखर्च मुजुमदाराकडे होता. पुढे पेशवाईत फडणीस, दप्तरदार, पोतनीस अशी कामे आणखी वाटली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लिहिणारा, तपासणारा, नोंदवणारा आणि पैसा सांभाळणारा हे निरनिराळे होते. ते सारेच सज्जन होते, असे मानण्याची गरज या व्यवस्थेला नव्हती. एकाच्या चुकीने किंवा लबाडीने सारे बुडू नये, एवढीच तिची बेगमी होती.

६/
राज्याचे झाले. लहान व्यापाऱ्याचे काय? त्याच्यापाशी सुरनीस नव्हता. त्याने हीच युक्ती हुंडीच्या भाषेत बसवली. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभर रुपयांची हुंडी असेल तर 'शंभर, ज्याचे निमे पन्नास, त्याचे दुप्पट पुरे शंभर' अशा अर्थाने रक्कम फिरवून लिहीत. मागे एक शून्य वाढवले तरी निमपट खोटी ठरे.

हुंडी वाटेत हरवली तर दुसरी प्रत 'पैठ' आणि तीही हरवली तर 'परपैठ' देण्याची रीत होती. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या 'शाहा'च्या हाती द्यायची, वाटेल त्या आणणाऱ्याला द्यायची नाही. रक्कम घेणाऱ्याची ओळख पटवण्याचा हा जुना मार्ग होता. कोणत्याही दरबाराच्या पहाऱ्याशिवाय, केवळ शिस्तीच्या जोरावर, हा पैसा शेकडो कोस फिरत असे.

७/
दप्तरातील दुसऱ्या नोंदीचे मोल एकोणिसाव्या शतकात सर्वांना कळून चुकले. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि दख्खनेतील इनामांची तपासणी आरंभली. घरच्या पेटीतील सनद दाखवणे पुरेसे ठरेना. पुण्याच्या पेशवे दप्तरातील नोंदींशी ती ताडून पाहिली जाऊ लागली. बनावट सनदा यात उघड्या पडल्या. पण ज्यांचा हक्क खरा होता आणि नोंद सापडत नव्हती, अशांनाही या तपासणीची धास्ती होती.

आपल्या हातातला कागद आणि दुसऱ्या जागी ठेवलेली त्याची नोंद, या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. आज ज्याला 'बॅकअप' आणि 'लॉग' म्हणतात, त्यांचे महत्त्व इनामदारांनी असे सोसून शिकून घेतले.

८/
आणखी एक धडा मोडी लिपीने दिला. शतकानुशतके मराठी कारभार मोडीत चालला. मुद्रणाने बालबोध लिपीला बळ दिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. घरोघरी कागद राहिले, पण वाचणारे हात विरळ झाले. आपल्याच आजोबांच्या जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी जाणकार शोधावा लागतो, हा अनुभव आजही पुष्कळांना येतो.

कागद सुरक्षित असून वाचता येत नसेल, तर तो हरवल्यासारखाच. हे सूत्र पुढे संकेतस्थळांच्या बाबतीत पुन्हा भेटेल.

९/
आता १९८६ मध्ये येऊ. लाहोर येथील अल्वी बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्यक्तिगत संगणकांवर जगभर पसरलेला पहिला मोठा व्हायरस. तो फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, दडून राही. विशेष असे की त्यात कर्त्यांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहिलेला होता.

१९९० च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस उघडकीस आला. त्याचे नाव 'जोशी'. ५ जानेवारी उजाडली की तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. त्या जोशींचा मागमूस व्हायरसमध्ये नव्हता. वाढदिवसाची ही शुभेच्छा मात्र सक्तीने देशोदेशी टंकली गेली.

१०/
हसण्यावारी नेण्याजोगा हा प्रसंग नव्हता. त्या काळी लहान कार्यालयात एकच संगणक असे. हिशेब, पगारपत्रक, सभासदांची यादी सारे त्यावर. फ्लॉपी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाई आणि तिच्याबरोबर रोगही जाई. विलायती व्हायरसरोधक प्रणाली महाग होत्या आणि नव्या देशी व्हायरसांवर त्या लागू पडतीलच याची हमी नव्हती.

अशा वेळी कार्यालये कोणाकडे धावत? संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे. यंत्र बिघडले आहे, असेच त्यांना वाटे.

११/
पुण्यातील असाच एक दुरुस्ती करणारा म्हणजे कैलास काटकर. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हे कुटुंब. दहावीनंतर शिक्षण थांबलेले. पुण्यात येऊन त्यांनी रेडिओ व कॅलक्युलेटर दुरुस्त करण्याचे काम शिकले, पुढे स्वतःचा दुरुस्तीचा व्यवसाय थाटला. कॅलक्युलेटरांचे दिवस सरताहेत हे ओळखून ते संगणकाकडे वळले आणि १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' उभी राहिली.

दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक संगणकांत यंत्रदोष नसून व्हायरस असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहिण्यास आरंभ केला.

१२/
१९९५ मध्ये या उताऱ्यांतून 'क्विक हील' हे डॉसवर चालणारे उत्पादन सिद्ध झाले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. २०१६ च्या फेब्रुवारीत तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

ही यशोगाथा पुष्कळदा सांगितली जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा आरंभ अधिक मोलाचा आहे. सुरक्षेचे ज्ञान येथे लहान गिऱ्हाइकांच्या टेबलावर, बिघडलेल्या यंत्रांसमोर बसून मिळवलेले होते. ज्याला रोज दहा कार्यालयांचे दुखणे दिसते, त्याला रोगाची साथ सर्वांआधी कळते. फिरत्या सल्लागाराचे सामर्थ्य नेमके हेच.

१३/
त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्रात वाट मिळाली. त्याच वर्षी वारणानगरच्या सहकारी परिसरात गावोगावी संगणककेंद्रे जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला गेला. सहकारी साखर कारखाना आणि संगणकाचे जाळे यांची ही पहिली मोठी सोयरीक.

संकेतस्थळ हवे, अशी इच्छा आता लहान संस्थांनाही होऊ लागली. पण मराठीत ते दिसणार कसे?

१४/
युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ पासूनच होती. घरोघरच्या संगणकांवर तिचा वापर रुळण्यास मात्र पुढचे दशक उजाडले. दरम्यानच्या काळात प्रत्येक मराठी संकेतस्थळ एखाद्या विशिष्ट फॉन्टवर चाले. आत साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन असत. त्यावर फॉन्टचा मराठी मुखवटा चढे. फॉन्ट नाही तर मजकूर नाही.

संस्थेचा दहा वर्षांचा अहवाल, देणगीदारांची यादी, वार्षिकांक, सारे अशा फॉन्टांत अडकले. तो फॉन्ट कोणता, हे ठाऊक असलेला माणूस निघून गेला की दप्तराची अवस्था मोडीसारखी. कागद आहे, वाचक नाही.

१५/
आता संस्थांना संकेतस्थळाची निकड का भासू लागली, तेही पाहू. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्च करणे प्राप्त झाले. कंपनीचा अधिकारी दुर्गम गावातील संस्थेला आधी इंटरनेटवरच शोधू लागला. परदेशी देणग्यांसंबंधीच्या २०१५ च्या नियमांनी तिमाही जमा रकमेचा तपशील संकेतस्थळावर मांडण्यास सांगितले (ही तरतूद २०२२ मध्ये काढली गेली). दुकानदारांकडे २०१६ मध्ये यूपीआय आले आणि २०१७ च्या १ जुलैपासून जीएसटी.

संस्था आणि दुकाने ऑनलाइन गेली. त्यांच्याकडे संगणक विभाग नव्हता. ती जागा फिरत्या सल्लागाराने घेतली.

१६/
अमेरिकेत १९९० च्या दशकात अशा माणसांना एक जुने नाव मिळाले होते: सर्किट रायडर. पूर्वी घोड्यावरून वस्त्यावस्त्यांतून फिरणाऱ्या मेथडिस्ट धर्मोपदेशकांना हे नाव असे. एकाला एक गाव परवडत नसे, म्हणून दहा गावांत मिळून एक. स्वयंसेवी संस्थांत फिरणाऱ्या तंत्रज्ञांचेही तेच गणित होते.

आपल्याकडे अशा माणसाला रूढ नाव नाही. 'आमचा वेबसाइटवाला पोरगा' एवढीच त्याची ओळख. ज्याच्या हुद्द्याला नाव नसते, त्याच्या जबाबदारीची यादीही कोणी करीत नाही, हे कारभाराच्या इतिहासात वारंवार दिसते.

१७/
साधने स्वस्त झाली, ही या काळाची मोठी देणगी. २००३ मध्ये 'वर्डप्रेस' ही मुक्त प्रणाली आली. २००५ मध्ये 'डॉट इन' नावांची नोंदणी सर्वांना खुली झाली. २०१४ मध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' आले. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट'ने संकेतस्थळाच्या कुलपाचे प्रमाणपत्र विनामूल्य देण्यास प्रारंभ केला.

पण फुकट मिळालेल्या वाड्याची डागडुजी फुकट होत नाही. जोडलेला एखादा 'प्लगइन' वर्षभर अद्ययावत केला नाही, तर तीच खिंड होते. चोरही आता माणूस नसतो. आपोआप चालणाऱ्या आज्ञावली अहोरात्र लाखो दारे ढकलून पाहतात. 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' हा लहान संस्थेचा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. घर श्रीमंताचे आहे की गरिबाचे, हे पाहण्याचे कष्ट दार ढकलणारा घेतच नाही.

१८/
मोठ्यांचेही काय होते, हे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात दिसले. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ ऑगस्टला बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' मार्गाने आणखी सुमारे १३.९२ कोटी हाँगकाँगकडे वळवले गेले. एकूण सुमारे ९४ कोटी.

१९/
हे घडले कसे? एटीएम पैसे देण्यापूर्वी बँकेच्या मुख्य खातेवहीला विचारते. हल्लेखोरांनी मध्ये एक बनावट 'स्विच' बसवला. तो खातेवहीला न विचारताच 'द्या' असे उत्तर देत राहिला.

शिवकालीन भाषेत सांगायचे तर पत्रावर मुद्रा होती, पण पाठीवर 'बार' नव्हता. मागणी नोंदवहीशी ताडलीच गेली नाही. दोन महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये 'सर्ट-इन'ने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा निर्देश दिला आणि २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला. सभासदाचा दूरध्वनी क्रमांक वा रुग्णाची नोंद सांभाळणे ही आता केवळ सौजन्याची बाब उरलेली नाही.

२०/
आता पुन्हा फुलसावंगीकडे वळू. या गावाचे नाव देशाने ऐकले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. येथील एका तरुण वेल्डरने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बांधले आणि त्याच्या चाचणीच्या वेळी झालेल्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्या घटनेवर आपण न्याय सांगू नये. पण हाताने शिकलेले तंत्रज्ञ पुण्यात असतात तसेच महागाव तालुक्यातही असतात, एवढे तिने निश्चित दाखवले. गावाकडे बुद्धीचा दुष्काळ नाही. अनुभवी माणसाची दुसरी नजर मात्र सहज मिळत नाही.

२१/
लहान संस्थांच्या सुरक्षेचे मर्म मला येथेच दिसते. हल्लेखोर दूर देशी बसलेला असतो, त्याच्याविषयी आपण काही करू शकत नाही. पण संकेतस्थळाचे नाव संस्थेऐवजी त्या पोराच्या वैयक्तिक ईमेलवर नोंदलेले असणे, सारे पासवर्ड त्याच्या एका फोनमध्ये असणे, त्याचे लग्न ठरून तो नाशिकला गेला की नूतनीकरणाची तारीख कोणालाच आठवू नये, हे आपल्या हातातले आहे. यात त्या पोराचा दोष नाही. चिटणीस, सुरनीस, मुजुमदार आणि पोतनीस ही चारही कामे आपण त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातली आणि त्याला मानधन एका कामाचे दिले.

२२/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या तरुण वाचकांना एक विनंती. आपल्या गावातील एखाद्या वाचनालयात, पतसंस्थेत किंवा मामांच्या दुकानात जा आणि जुन्या दप्तरदाराने विचारले असते ते पाच प्रश्न विचारा.

संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे?
किल्ल्या किती जणांकडे आहेत, आणि दोघांपैकी एक नसेल तर काम चालते का?
दप्तराची दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती उघडून शेवटची कधी पाहिली?
कोणी काय बदलले याची नोंद राहते का?
सांभाळणारा बदलला तर काय काय सोपवायचे, याची यादी कागदावर आहे का?

फसवणूक झालीच, तर १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तोही भिंतीवर लिहून ठेवा.

२३/
या प्रश्नांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांनी सांध्यावर मुद्रा उमटवली, हुंडीत निमपट लिहिली, पाठीवर 'बार' चढवला, त्यांच्यापाशी वीजही नव्हती. विश्वास हवाच, त्यावाचून कोणताही व्यवहार चालत नाही. पण तो एकाच्या कमरेला न बांधता चार हातांत वाटून ठेवावा, हे त्यांना उमगले होते. चांगला सल्लागारही तोच समजावा, जो पहिल्याच दिवशी संस्थेला सांगतो, 'ही दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवा.'

आपल्या घरी किंवा गावातील संस्थेत सांध्यावर मुद्रा असलेला जुना कागद, हुंडी किंवा बारनिशीची वही असेल, तर खाली अवश्य कळवा. पुढील धागा हुंडीच्या प्रकारांवर.